करार असताना अडून बसणाऱ्या स्टार खेळाडूला दंड करावा का?

पेठकर
कोल्हापूरच्या फुटबॉलचा सीझन तोंडावर आलाय आणि आमच्या तालमीत, म्हणजे पेठेच्या क्लबात, नेहमीचं त्रांगडं. गेल्या सीझनला ज्यानं टीम ओढून नेली तो पोरगा म्हणतोय, मानधन वाढवा, नाहीतर सरावाला येत नाही. दोन सीझनचं बोलणं झालेलं, त्यातला एकच झालाय. बैठकीत एक गट म्हणाला दंड लावा, एक दिवस गैरहजर की एवढे कापा. दुसरा गट म्हणाला, कापायला गेलो आणि पोरगं दुसऱ्या पेठेकडनं उतरलं तर स्टेडियममध्ये तोंड कुठं लपवायचं? (तालमीचं नाव लिहीत नाही. ज्यांनी ओळखलंय त्यांनीही लिहू नये, सगळ्यांना शाहू स्टेडियमवरच भेटायचंय.)

घरी येऊन जरा वाचलं. अमेरिकेत एनएफएलमध्ये (तिकडच्या अमेरिकन फुटबॉलची लीग) हा तमाशा दरवर्षी असतो. करार चालू असलेला जुना खेळाडू सीझनआधीच्या ट्रेनिंग कॅम्पला आला नाही तर दिवसाला ५०,००० डॉलर दंड. आपल्या पैशात रोजचे चाळीस लाखांच्या वर! पूर्वी क्लब दंड लावायचे आणि नवा करार झाला की गुपचूप माफ करायचे. २०२० साली लीग आणि खेळाडू संघटनेत जो करार झाला, त्यात ती पळवाटच बुजवली. आता मालकाच्या मनात आलं तरी जुन्या खेळाडूचा दंड माफ करता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, दंड असावा. शब्द दिला की पाळायचा. बाकावर बसणाऱ्या पोरानं अडून बसायचं ठरवलं तर त्याला कोण विचारतंय? म्हणजे ही सोय फक्त स्टारलाच. त्याला सूट आणि बाकीच्यांना शिस्त, हे टीममध्ये किती दिवस खपणार? बोला.

रंकाळ्यावरचा_वारा
दंड कशातनं कापणार दादा? आधी मानधन दिलेलं पाहिजे का नको 😄

न्यूजर्सीचा_राजारामपुरीकर
पेठकर, दंडाचा आकडा बरोबर आहे, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. एनएफएलचे बहुतेक करार पूर्ण हमीचे नसतात. पाच वर्षांचा करार म्हणून पेपरात मोठा आकडा छापून येतो, पण दुसऱ्या वर्षी क्लबला वाटलं तर खेळाडूला नारळ देतात आणि हमी नसलेली रक्कम बुडते. तिथं क्लबनं शब्द मोडला असं कोणी म्हणत नाही, धंदा म्हणतात. खेळाडू वाढीव मागायला बसला की मात्र तो लोभी. इथं रेडिओवर तासन् तास हेच चालतं.

आणि दंडानं खेळाडू परत येतो हे तर विसराच. २०२३ साली कॅन्सस सिटीचा ख्रिस जोन्स कॅम्पला आला नाही, रोजचा दंड चढत राहिला आणि हा सीझनची पहिली मॅच स्टेडियममधल्या खासगी कक्षात बसून बघत होता. आपलीच टीम खेळतेय आणि हा वर काचेआडून बघतोय! डेट्रॉइटकडनं टीम २१-२० अशी एका पॉइंटनं हरली. चार दिवसांत बदललेल्या करारावर सही. पुढच्या फेब्रुवारीत सुपर बोल (लीगची फायनल) जिंकले आणि मार्चमध्ये त्याला पाच वर्षांचा नवा करार मिळाला. आता सांगा, दंडानं काम केलं की एका पॉइंटनं?

त्याच्याही आधीचं उदाहरण एमिट स्मिथ, १९९३. डॅलस आदल्या वर्षीचे विजेते. हा पैशासाठी बाहेर बसला, टीम पहिल्या दोन्ही मॅच हरली, मालकानं पैसे मोजले. त्याच सीझनला सुपर बोल जिंकले आणि त्या सामन्याचा मानकरी हाच. त्याला दंड लागला नव्हता, कारण त्याच्याकडं चालू करारच नव्हता. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

पेठकर
म्हणजे दंड मोठा असला तरी स्टारला तो परवडतो, असंच ना? मग आणखी मोठा करा.

न्यूजर्सीचा_राजारामपुरीकर
मोठा केला की काय झालं ते बघा. दंड माफ होणार नाही म्हटल्यावर खेळाडू आता कॅम्पला येतात. हजेरीची सही करतात, बैठकीला बसतात, जेवतात आणि सराव मात्र करत नाहीत. पाठ दुखतेय, मांडी आवळलीय. हजेरी लागली, दंड शून्य. २०२१ मध्ये पिट्सबर्गच्या टी. जे. वॉटनं हेच केलं आणि भरघोस करार घेतला. २०२५ मध्ये डॅलसचा मायका पार्सन्स कॅम्पभर पाठीचं कारण सांगून कडेला उभा होता. डॅलसनं शेवटी सीझनच्या तोंडावर त्याला ग्रीन बेला देऊन टाकलं. तिथं त्याला चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर मिळाले.

फसल्याचंही उदाहरण आहे. लेव्हिऑन बेल २०१८ चा अख्खा सीझन घरी बसला, जवळजवळ १ कोटी ४५ लाख डॉलरवर पाणी सोडलं. दंड एक पैसा नाही, कारण सहीच केली नव्हती. पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमकडं गेला पण जुना बेल कधी दिसला नाही. त्याला शिक्षा दिली ती रिकाम्या गेलेल्या वर्षानं.

गोकुळशिरगाव_सेकंड_शिफ्ट
आमच्याकडं कारखान्यात दंडाला कायदा आहे बरं का. पगार वाटपाच्या जुन्या कायद्यात लिहिलं होतं, एका पगारातनं ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड कापता येत नाही. कशाकशाला दंड, त्याची यादी आधी बोर्डावर लागली पाहिजे, आणि कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायची. कापलेले पैसे मालकाच्या खिशात जात नाहीत, कामगारांच्याच भल्यासाठी खर्च करायचे. नव्या वेतन संहितेतही ३ टक्केच ठेवलाय.

तुमच्या तालमीत दंड लावला तर जमा कुठं होणार? मिरवणुकीच्या डॉल्बीला?

पेठकर
भावा, बिनपगारी वेगळी आणि दंड वेगळा. कामावर आला नाही तर त्या दिवसाचा पगार तुझाही जातो. आणि सीझनला लाखात घेणारा पोरगा म्हणजे शिफ्टवरचा कामगार नव्हे.

गोकुळशिरगाव_सेकंड_शिफ्ट
तेच म्हणतोय. आला नाही त्या मॅचचे पैसे देऊ नका, कोण नको म्हणतंय? वर आणखी दंड कशाचा?

करवीर_वकील
इथं तीन-चार गोष्टी एकमेकांत मिसळताहेत.

पहिलं म्हणजे तोंडी करारही कायद्यानं करारच असतो, पण सिद्ध करताना फेस येतो. "बोलणं झालेलं" हे बैठकीतले पाच जण पाच तऱ्हेनं सांगतील.

कोणतंही न्यायालय खेळाडूला "जा, मैदानात उतर" असा आदेश देणार नाही. ज्या कामाचा जीव माणसाच्या वैयक्तिक कौशल्यात आहे ते सक्तीनं करून घेता येत नाही, विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम १४. फार तर भरपाई मागता येते किंवा करार चालू असताना दुसऱ्याकडं खेळू नको अशी मनाई, तीही अटींवर.

दंडाबद्दल करार कायदा १८७२ चं कलम ७४ बघा. करारात "पाच लाख दंड" लिहिलं म्हणून पाच लाख आपोआप मिळत नाहीत. न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. धाक घालायला फुगवून लिहिलेला आकडा तिथं गळतो.

आणि कराराची मुदत संपल्यावर खेळाडूला बांधून ठेवायची कलमं तर टिकतच नाहीत. झहीर खान आणि परसेप्ट डी'मार्क या जाहिरात व्यवस्थापन कंपनीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुदत संपली तरी दुसऱ्याचा प्रस्ताव आधी आम्हाला दाखव, अशी अट होती. २००६ साली न्यायालयानं ती करार कायद्याच्या कलम २७ खाली निरर्थक ठरवली.

एक मात्र सगळ्या तालमींनी भिंतीवर लिहून ठेवावं. १८ वर्षांच्या आतल्या पोराबरोबर केलेला करार मुळातच शून्य आहे. तो अडून बसला तर दंड सोडा, साधा जाबसुद्धा विचारता येत नाही. आणि आपल्याकडं निम्मी गुणी पोरं त्याच वयाची आहेत.

नाद_फुटबॉलचा
अमेरिकेचं काय घेऊन बसलाय, आपला खेळ फुटबॉल. इंग्लंडमध्ये क्लबला खेळाडू संघटनेच्या संमतीशिवाय दोन आठवड्यांच्या पगारापेक्षा जास्त दंड लावता येत नाही. २०११ साली म्युनिकमध्ये मँचेस्टर सिटीच्या तेवेझवरनं राडा झाला. मॅनेजर म्हणाला, उतरायला तयार नव्हता. सिटीनं चार आठवड्यांचा दंड काढला, संघटनेनं अडवला, दोनवर आला. मग पठ्ठ्या परवानगी न घेता अर्जेंटिनाला जाऊन बसला, त्याचा आणखी दंड. फेब्रुवारीत परत आला, माफी मागितली, मे महिन्यात सिटी चॅम्पियन! दंड झाला तरी खेळाडू परत येऊ शकतो, कारण दंड ठरलेल्या चौकटीत होता आणि दार उघडं होतं.

ताजं उदाहरण स्ट्रायकर इसाकचं. न्यूकॅसलशी २०२८ पर्यंत करार, तरी २०२५ च्या उन्हाळ्यात टीमबरोबर दौऱ्याला गेला नाही, सराव नाही, लीगच्या पहिल्या मॅच नाहीत. १ सप्टेंबरला लिव्हरपूलनं १२ कोटी ५० लाख पौंडांना उचलला. न्यूकॅसलच्या माणसाला विचारा त्याला काय वाटलं. पण पैसे क्लबलाच मिळाले ना? आपल्या तालमीला पोरगं सोडून गेलं तर काय मिळतं? काही नाही. म्हणून आपल्याकडं राग जास्त असतो.

गुडघा_गेलेला
मी खेळलोय, म्हणून लिहितो. तालमीचं नाव मीही घेणार नाही.

आमच्या वेळी ठरलं होतं, निम्मे नोंदणीच्या वेळी, निम्मे सीझन संपल्यावर. पहिले निम्मे मिळाले. तालमीच्या आतल्या खोलीत, मारुतीच्या फोटोखाली, लग्नातलं आहेराचं पाकीट असतं ना तसल्या पाकिटात. वरचा एक रुपया तसाच चिकटलेला. साखळी फेरीत माझा गुडघा फिरला. एमआरआय घरच्यांनी काढला. सीझन संपल्यावर उरलेले मागायला गेलो तर म्हणाले, "तू निम्म्या मॅच कुठं खेळलास?" जो माणूस हे म्हणाला तोच मॅचच्या आदल्या रात्री इंजेक्शन घेऊन उतर म्हणून घरी आला होता.

त्यांना कोणी दंड लावला नाही. पुढच्या सीझनला माझ्या जागी दुसरा होता, आणि त्यानं सगळे पैसे आधी घेतल्याशिवाय बूट घातले नाहीत. लोक त्याला माजलाय म्हणायचे. मला तो शहाणा वाटला.

रंकाळ्यावरचा_वारा
वरच्या विनोदाला हे उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. 🙏

शिरोळचा_ऊसवाला
फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, पण अडून बसण्यात आमचा जिल्हा पुढं आहे म्हणून बोलतो. 😀 दरवर्षी जयसिंगपुरात ऊस परिषद होते, पहिली उचल (उसाच्या पैशाचा पहिला हप्ता) ठरेपर्यंत कांड्याला कोयता लावू देत नाही. कारखान्याला आमची गरज सर्वात जास्त कधी? बॉयलर पेटल्यावर. फेब्रुवारीत अडून बसून काय उपयोग, ऊस वाळतोय तो आमचाच. तुमचा स्ट्रायकरही हेच करतोय. सीझनच्या आधी बोलला नाही तर कधी बोलणार?

आणि दंडाचं म्हणाल तर ऊस नियंत्रण आदेशात तो कारखान्याला आहे. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) नाही दिली तर वर १५ टक्के व्याज. ते व्याज किती जणांच्या हातात पडतं ते विचारू नका, पण कागदावर तरी उशिराची किंमत पैसे देणाऱ्यावर आहे. तालमीच्या कागदावर आहे का?

पेठकर
काका, तुमचं कारखान्याशी भांडण दराचं. इथं दर ठरलेला आहे, तोच मोडतोय. दर ठरल्यावर तुम्ही ट्रॅक्टर अर्ध्या वाटेतनं परत नेता का?

गुडघेवाल्या दादा, तुमच्याबरोबर जे झालं ते वाईटच. त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्यासाठी आमच्या टीमनं का भरायचं? आमच्या पोराचे एक रुपया बाकी नाहीत, मी स्वतः हिशेब बघतो.

खासबागची_पोरगी
सगळे खेळाडू आणि तालीम यांच्याबद्दलच बोलताय. तिकीट काढून बसणाऱ्याचं कोण बोलणार? गावच्या जत्रेच्या मैदानात पोस्टरवर दोन पैलवानांचे फोटो छापतात, लोक तीस-चाळीस किलोमीटरवरनं येतात, आणि ऐनवेळी एक जण येत नाही. म्हणे रक्कम पटली नाही. मग घाईगडबडीत दुसरी जोड लावायची आणि लोकांनी शिट्ट्या मारायच्या. माझे आजोबा सांगायचे, पूर्वी पैलवानाच्या खुराकाची काळजी दरबार करायचा. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग कुस्ती मैदान उभं केलं तेव्हा पैलवानाला थंडाई कुठनं येणार हा प्रश्नच नव्हता. आता दरबार नाही, वस्ताद आणि घरची म्हैस. त्यामुळं पैलवानानं पैसे मागू नयेत असं मी म्हणणार नाही. पण पोस्टर छापायच्या आधी माग की! फोटो लागल्यावर अडून बसतोस तेव्हा तू मैदानवाल्याला नाही, मला फसवतोस. त्याला दंड पाहिजेच, आणि तो तिकीटवाल्याला परत गेला पाहिजे.

न्यूजर्सीचा_राजारामपुरीकर
ताई, हा मुद्दा एवढ्या दिवसांत इथल्या रेडिओवर एकदाही ऐकला नव्हता.

आयपीएल_बघणारा
आपल्याकडं बीसीसीआय दंडाच्या भानगडीतच पडत नाही, थेट बंदी घालतं. लिलावात विकला गेला आणि सीझनच्या आधी दुखापतीशिवाय माघार घेतली की दोन वर्षं आयपीएल बंद. २०२५ मध्ये हॅरी ब्रूकवर तेच झालं, दिल्लीनं ६ कोटी २५ लाखांना घेतलेला. आणि जडेजा आठवतोय का? २०१० ला राजस्थानशी नूतनीकरण न करता दुसऱ्या टीमशी परस्पर बोलणी केली म्हणून अख्खा सीझन बाहेर. तेव्हा तो अजून मोठा झाला नव्हता. आजच्या जडेजाला असं बसवलं असतं का, हा माझा प्रश्न.

नाद_फुटबॉलचा
बंदी घालायला एकच दुकान लागतं. क्रिकेटमध्ये आयपीएल एकच. आपल्याकडं एका तालमीनं बंदी घातली तर शेजारची हार घालून घेऊन जाईल.

आणि करार मोडणारे फक्त खेळाडूच असतात का? २०२५ च्या जुलैत आयएसएलचा (आपल्या देशातली फुटबॉल लीग) पुढचा सीझन अधांतरी लटकला, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं खेळाडूंचे, स्टाफचे पगार बेमुदत थांबवल्याचं जाहीर केलं. खेळाडूंचे करार चालूच होते. दिवसाला पन्नास हजार कोणी कुणाला लावले?

पेठकर
बरं. तीन दिवस सगळ्यांचं वाचतोय. माझं दंडाचं मत कायम आहे, पण वकीलसाहेबांमुळं एक कळलं की तोंडी बोलण्यावर दंड लावला तर हसं होईल. या पोराला दंड नाही लावत. उद्या बैठकीत पुढच्या नोंदणीपासूनसाठी हे ठेवणार आहे: लेखी करार, रकमेचे तीन हप्ते तारखेसह. सरावाला न सांगता दांडी मारली तर त्या हप्त्यातनं ठरलेली कपात. हप्ता पंधरा दिवसांपेक्षा लांबला तर तालमीनं वाढीव द्यायचं आणि खेळाडू मोकळा. पहिल्या सीझननंतर एकदा मानधनाचं बोलणं करायचं, पण केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी व्हायच्या आधी, नंतर नाही. कपातीचे पैसे १४ वर्षांखालच्या पोरांच्या बुटांना.

शिरोळचा_ऊसवाला
"वाढीव द्यायचं" म्हणजे किती ते लिहा. आमचं १५ टक्के लिहिलंय तरी मिळत नाही, तुमचं मोघम असेल तर झालंच कल्याण.

गुडघा_गेलेला
दुखापतीचं कलम कुठाय? खेळताना जखमी झाला तर उरलेले हप्ते मिळणार का, आणि दवाखाना कोण करणार? ते नसेल तर मी पोराला सांगेन सही करू नको.

पेठकर
घालतो. पण सरावात झाली तर की फक्त मॅचमध्ये? बाहेर पाच-पाच जणांची फाइव्ह-अ-साइड खेळायला गेला आणि पाय मोडून आला तर?

गुडघा_गेलेला
सराव आणि मॅच दोन्ही. बाहेरच्या टुर्नामेंटला तुम्ही लेखी परवानगी दिली असेल तर तीही. आणि इंजेक्शन घेऊन उतरायला नाही म्हटलं तर ती दांडी धरायची नाही. हे वेगळं वाक्य करून लिहा.

खासबागची_पोरगी
आणि तिकीटवाल्यांचं?

पेठकर
ताई, ते केएसएच्या हातात, तालमीच्या नाही. पण मॅचच्या आदल्या दिवशी टीम लिस्ट ग्रुपवर टाकायचं मात्र आम्ही करू शकतो. कोण खेळत नाही ते तिकीट काढायच्या आधी कळेल.

करवीर_वकील
मसुदा मला व्यनि (खासगी मेसेज) करा, फी नको, फायनलचे दोन पास द्या. ५०० च्या स्टॅम्पवर करा, १०० चा आता चालत नाही. पोरगा १८ च्या आतला असेल तर त्याच्यावर बंधन घालणारी कलमं काढूनच टाका, वडिलांची सही घेतली म्हणून ती टिकत नाहीत. आणि सही झालेली मूळ प्रत त्याच दिवशी खेळाडूच्या हातात द्या. ती अध्यक्षांच्या कपाटात राहते आणि वेळेला किल्ली सापडत नाही.